निवृत्तीची बचत आणि झटपट उपायांची आशा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत नोकरी किंवा छोटा व्यवसाय करून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेली माणसे गुंतवणुकीविषयी अनेक प्रश्न विचारतात. त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच इच्छा असते. हाताशी रक्कम थोडी आहे, वर्षेही थोडी उरली आहेत, तेव्हा ही तूट भरून काढणारा मार्ग कोणीतरी दाखवावा, अशी ती इच्छा. तिला हाव म्हणणे अन्यायाचे होईल. घराचे हप्ते, मुलांची फी, गावच्या घराची डागडुजी आणि आईवडिलांचे औषधपाणी यांतून तीस वर्षांत ज्याच्या हाती फारसे उरलेच नाही, त्याने आशा धरली तर त्यात चूक काय? मात्र फसव्या योजना आणि महागडी विमा उत्पादने नेमकी याच आशेवर उभी राहतात, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. पुढील हिशेब उदाहरणादाखल आहेत. सरकारी योजनांचे दर आणि नियम बदलत असल्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी ते तपासून घ्यावेत.

दरमहा दोन टक्के परतावा देणारी योजना मला सुचवण्यात आली आहे. असा परतावा खरोखरच अशक्य आहे का?

एखाद्या वर्षी, एखाद्या शेअरमध्ये तो मिळू शकतो. दर महिन्याला, ठरावीक आणि खात्रीने मात्र तो मिळू शकत नाही. दरमहा दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण चक्रवाढीने ते वर्षाला जवळपास २७ टक्के होतात, आणि त्या दराने १० लाख रुपयांचे २० वर्षांत ११ कोटींहून अधिक व्हायला हवेत. ज्याला हे खात्रीने साधते त्याला याच्या निम्म्या व्याजाने कर्ज देणारे सहज भेटतील. मग त्याला तुमच्या पन्नास हजारांची गरज का पडावी, हा प्रश्न योजना सांगणाऱ्यालाच विचारावा.

जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानापुढे जमलेली गर्दी अनेकांना आठवत असेल. मोइसानाइटचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे विकत घेणाऱ्यांना तेथे दर आठवड्याला परतावा देण्याचे आश्वासन दिले होते. तो मिळणे थांबले आणि भाजीविक्रेत्यांपासून नोकरदारांपर्यंत हजारो लोक रस्त्यावर आले. आठवड्याला सहा टक्के हा दर कागदावर मांडून पाहा : मिळालेले पैसे पुन्हा त्यातच गुंतवत गेल्यास एका लाखाचे वर्षभरात वीस लाखांहून अधिक व्हावे लागतात. एवढी कमाई देणारा धंदा कोणत्याही शहरात नाही. हा गुणाकार पैसे देण्यापूर्वी करायला पाच मिनिटे लागतात आणि त्यासाठी अर्थशास्त्र शिकलेले असण्याची गरज नसते.

परंतु माझ्या शेजाऱ्यांना गेले कित्येक महिने वेळेवर पैसे मिळत आहेत. त्यांच्यावर अविश्वास कसा दाखवू?

शेजारी खरेच सांगत आहेत, यात शंका नाही. अशा योजनेत आधी आलेल्यांना नंतर आलेल्यांच्या पैशांतून परतावा दिला जातो, त्यामुळे सुरुवातीचे हप्ते वेळेवर मिळणे हा त्या रचनेचाच भाग असतो. त्या हप्त्यांच्या जोरावर शेजारी आपली रक्कम वाढवतात, बहिणीला आणि ऑफिसमधल्या सहकाऱ्याला आणतात. म्हणजे ज्याच्या शब्दावर आपला सर्वांत जास्त विश्वास, त्याच्याच तोंडून योजनेचा प्रचार होतो. चाळीत, सोसायटीत किंवा लोकलच्या नेहमीच्या ग्रुपमध्ये माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात, म्हणून हा प्रचार मुंबईत फार वेगाने पसरतो.

शेजाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचा विषय काढूच नये. पैसा कोणत्या व्यवसायातून येतो, ठेवी घेण्याची परवानगी कोणत्या नियामकाने दिली आहे आणि तिचा नोंदणी क्रमांक काय, एवढेच त्यांना विचारावे. कंपनीची नोंदणी आणि लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीएसटी क्रमांकाची चौकट भिंतीवर लावलेली असली म्हणून ठेवी घेण्याचा अधिकार मिळत नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा २०१९ पासून लागू आहे.

वडिलांच्या काळी पीएफवर आणि पीपीएफवर १२ टक्के मिळत असत. तशी सुरक्षित सोय आज का नाही?

हे खरे आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत पीएफ आणि पीपीएफ या दोन्हींवर १२ टक्के व्याज होते आणि बँकांच्या मुदत ठेवीही त्याच्या आसपास होत्या. मात्र त्याच दशकाच्या सुरुवातीला महागाईही दोन आकड्यांत होती. १२ टक्के व्याज आणि तेवढीच भाववाढ असेल, तर खरी वाढ शून्य. आज पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, पीएफवर २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांसाठी ८.२५ टक्के मिळाले, आणि महागाई त्या काळापेक्षा बरीच खाली आहे. पूर्वीच्या पिढीच्या मनात व्याजाचा आकडा पक्का बसला, महागाईचा बसला नाही. त्यामुळे '१२ टक्के तर मिळायलाच हवेत' ही अपेक्षा घराघरांत टिकून राहिली आणि आज ती पुरी करण्याचे वचन देणारा माणूस विश्वासार्ह वाटू लागतो.

एसआयपीने, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरून, २५ वर्षांत कोट्यधीश होता येते, हे खरे आहे का?

हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. दरमहा १०,००० रुपये २५ वर्षे भरले आणि वर्षाला सरासरी १२ टक्के मिळाले, तर सुमारे १ कोटी ९० लाख रुपये जमतात. जाहिरात येथे थांबते. परतावा ८ टक्केच मिळाला, तर हीच रक्कम सुमारे ९६ लाख होते, म्हणजे जवळजवळ निम्मी. १२ टक्के मिळतीलच असे कोणतीही म्युच्युअल फंड कंपनी लिहून देत नाही आणि तिला तसे लिहून देताही येत नाही. शिवाय महागाई सहा टक्के धरली, तर २५ वर्षांनंतरच्या १ कोटी ९० लाखांत आजच्या सुमारे ४४ लाखांइतकीच खरेदी होईल. ही रक्कम वाईट नाही, उपयोगाची आहे. परंतु 'कोट्यधीश' या शब्दाने डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते हे नव्हे.

एसआयपी ही चांगली सवय आहे, असे माझे ठाम मत आहे. पगार जमा झाल्याबरोबर रक्कम बाजूला जाते आणि बाजार पडलेला असतानाही खरेदी चालू राहते. तिचे काम एवढेच. ती पैसे भरण्याची पद्धत आहे. ज्या फंडात पैसे जातात त्याची जोखीम ती नाहीशी करत नाही.

दीर्घकाळात शेअर बाजार वर जातोच, मग निवृत्तीचे सगळे पैसे त्यातच ठेवले तर काय बिघडेल?

'दीर्घकाळ' किती, हे आधी ठरवावे लागेल. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्याही खाली आला होता, आणि २१ हजारांची पातळी मागे टाकून तो कायमचा पुढे गेला तेव्हा मार्च २०१४ उजाडला होता. चाळिशीतल्या माणसासाठी ही सहा वर्षे स्वस्तात खरेदी करण्याची संधी होती. २००८ मध्ये निवृत्त झालेल्या आणि दरमहा त्याच पैशांतून घरखर्च काढणाऱ्या माणसासाठी ती संधी नव्हती.

याचे कारण सरासरीत दिसत नाही. समजा, एक कोटी रुपये आहेत आणि वर्षाला सहा लाख काढायचे आहेत. पहिल्याच वर्षी बाजार ४० टक्क्यांनी घसरला, तर ६० लाख उरतात आणि सहा लाख काढल्यावर ५४ लाख. आता तेच सहा लाख म्हणजे उरलेल्या रकमेच्या ११ टक्के झाले, आणि पुढे बाजार सावरला तरी विकून टाकलेली युनिट्स परत येत नाहीत. अशी घसरण निवृत्तीनंतर पंधराव्या वर्षी आली असती, तर तिचा त्रास खूप कमी झाला असता. घसरण केव्हा येणार हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून पुढील पाच ते सात वर्षांचा घरखर्च शेअर बाजाराच्या बाहेर असावा, असे मी आग्रहाने सांगतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्यासाठी उपयोगी आहे. वयाच्या साठीनंतर तीत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि २०२३ पासूनच्या ८.२ टक्के दराने त्यावर दर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात. खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे कायम राहतो, आणि पतिपत्नी दोघेही पात्र असतील तर दोघांना स्वतंत्र खाती उघडता येतात.

ऑप्शन्समध्ये रोज थोडे थोडे कमावून पगाराला जोड देता येईल का?

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढील किमतीवरील सौद्यांत, व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांपेक्षा जास्त होता. समोरच्या बाजूला संगणकीय प्रणालीने सौदे करणाऱ्या मोठ्या संस्था असतात. दिवसभर नोकरी करून लोकलमध्ये मोबाइलवर सौदे करणाऱ्या माणसाने निवृत्तीची रक्कम तेथे नेऊ नये.

व्हॉट्सॲपवरच्या एका ग्रुपमध्ये तज्ज्ञ रोज शेअर सुचवतात आणि त्यांच्या ॲपवर माझा नफा दिसतो. तो मी काढून घेऊ का?

लगेच काढून पाहा. मोठी रक्कम काढण्याचा प्रयत्न केल्यावर काय उत्तर येते, त्यावरून सर्व कळेल. 'आधी कर भरा', 'आधी प्रक्रिया शुल्क भरा', 'खाते गोठले आहे, ते उघडण्यासाठी अनामत भरा' असे सांगण्यात आले, तर ॲपवर दिसणारा नफा हा पडद्यावर टाइप केलेला आकडा आहे आणि भरलेले पैसे कधीच शेअर बाजारात पोहोचलेले नाहीत. खऱ्या ब्रोकरकडे घेतलेले शेअर तुमच्या नावाच्या डीमॅट खात्यात येतात आणि त्याचे विवरण एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर डिजिटल स्वरूपात सांभाळणाऱ्या संस्थांकडून तुम्हाला स्वतंत्रपणे मिळते. ते येत नसेल तर खरेदी झालेलीच नाही. ग्रुपमधले जे सदस्य रोज आभार मानतात, तेही त्याच टोळीतले असू शकतात. यापुढे एक रुपयाही भरू नये.

माझे वय ५० आहे, जवळ २० लाख आहेत आणि साठीला एक कोटी हवे आहेत. यासाठी कोणती गुंतवणूक सुचवाल?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि त्याची मांडणीच मला अडचणीची वाटते. गुंतवणुकीचे नाव विचारले की उत्तर देणाऱ्यालाही नावच सांगावेसे वाटते. वीस लाखांचे दहा वर्षांत, आणखी काहीही न भरता, एक कोटी व्हायचे असतील तर दरवर्षी साडेसतरा टक्के मिळावे लागतात. हे फार क्वचित कोणाला जमले आहे, आणि त्याचा पाठलाग करताना कित्येकांनी मूळचे वीस लाखही निम्म्यावर आणले आहेत. म्हणून मी प्रश्न उलटा मांडतो : परतावा बेताचा, आठ टक्के धरला, तर बाकीचे काय बदलावे लागेल?

आठ टक्क्यांनी वीस लाखांचे दहा वर्षांत सुमारे ४३ लाख होतात. उरलेल्या ५७ लाखांसाठी दरमहा जवळपास ३१,००० रुपये बाजूला काढावे लागतात. ज्यांना हे शक्य आहे, त्यांचा प्रश्न येथे सुटला. बहुतेकांना ते शक्य नसते, आणि अशा वेळी पुढचा आकडा पाहण्यासारखा आहे. साठऐवजी ६३ व्या वर्षापर्यंत, पगार कमी झाला तरी, काम चालू ठेवले आणि जमा रकमेला हात लावला नाही, तर तेच एक कोटी गाठायला दरमहा १६,५०० ते १७,००० रुपये पुरतात. तीन वर्षांनी मासिक बचतीचा भार जवळजवळ निम्मा होतो. कोणताही फंड, कोणतीही टीप किंवा कोणताही सल्लागार एवढा फरक खात्रीने घडवू शकत नाही. हिशेब तपासणारे, दुकानांची खाती लिहिणारे, शिकवणी घेणारे आणि पूर्वीच्याच कंपनीत करारावर जाणारे साठीपुढचे कितीतरी लोक आपल्या आजूबाजूला आहेत. अर्थात प्रकृती साथ देईलच असे नाही. म्हणून तीन वर्षे गृहीत धरू नयेत, पण शक्य असतील तर ती हातची घालवूही नयेत.

यानंतर खर्चाकडे पाहावे. येथे महागाईचा धडा आपल्या बाजूने वापरता येतो. आजचा ५०,००० रुपयांचा मासिक खर्च सहा टक्के भाववाढीने वीस वर्षांत १ लाख ६० हजार होतो. तोच खर्च आज ४०,००० वर आणला, तर वीस वर्षांनंतर दरमहा ३२,००० रुपये कमी लागतात. पन्नाशीत गाडी बदलणे, लग्नात ऐपतीबाहेर खर्च करणे किंवा मुलाच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी पीएफ रिकामा करणे हे निर्णय दिसायला एकेकटे असतात, पण त्यांचा भार अखेर याच हिशेबावर पडतो. मुलाला गृहकर्ज किंवा शिक्षणकर्ज मिळू शकते. तुम्हाला निवृत्तीसाठी कोणी कर्ज देणार नाही. आईवडिलांना हे बोलणे जड जाते, हे मी जाणतो. तरीही ते मुलांशी मोकळेपणाने बोलावे, कारण पुढे त्यांच्यावर अवलंबून राहण्यापेक्षा हे बोलणे दोघांनाही सोपे जाते.

आणि आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, म्हणून ती निवृत्तीच्या दिवसाची वाट न पाहता पन्नाशीतच घ्यावी. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण साठ ते सत्तर ही दहा वर्षे आपल्याला स्वतःच सांभाळावी लागतात. एका शस्त्रक्रियेने वीस लाखांचे बारा लाख झाले, तर वरचा सगळा हिशेब कोसळतो.

पीएफबरोबर पेन्शनही मिळते ना? ते पुरणार नाही का?

खासगी नोकरीतल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेबद्दल मोठा गैरसमज आहे. मालकाच्या हिश्शातील जी रक्कम पेन्शनकडे जाते, ती २०१४ पासून १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजली जाते, म्हणजे दरमहा १,२५० रुपये. पेन्शनचे सूत्र पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे आहे. या मर्यादेत ३५ वर्षांची सेवा झाली, तरी पेन्शन आठ हजारांच्या आतच राहते, आणि महागाईबरोबर ती आपोआप वाढत नाही. ज्यांनी उच्च वेतनावरील पेन्शनचा पर्याय घेतला आहे त्यांचा हिशेब वेगळा. इतरांनी सरकारी नोकरीतल्या मोठ्या भावाची पेन्शन डोळ्यांपुढे ठेवून बेत आखू नयेत.

दादरचे किंवा गिरगावचे घर विकून दूर राहायला गेले की सगळा प्रश्न सुटेल, असे सर्व जण म्हणतात. हे बरोबर आहे का?

काहींच्या बाबतीत अगदी बरोबर आहे, आणि मुंबईकराजवळ असलेला हा बहुधा सर्वांत मोठा खरा आधार आहे. दोन कोटींच्या फ्लॅटचे भाडे महिन्याला चाळीस-पन्नास हजार येते, म्हणजे वर्षाला दोन ते तीन टक्के. त्यामुळे घर भाड्याने देऊन त्यावर जगण्यापेक्षा ते विकून डोंबिवली, बदलापूर, विरार किंवा गावी लहान घर घेणे आणि उरलेली रक्कम गुंतवणे हिशेबाला सरस ठरू शकते.

मात्र हा निर्णय कागदावर दिसतो तितका सोपा नाही. भांडवली नफ्यावर कर लागतो, आणि नवीन घर घेतल्यास त्यात किती सूट मिळेल हे सौद्याआधी सी.ए.कडून लेखी समजून घ्यावे. घर वारसाहक्काने आलेले असेल, तर भावंडांच्या सह्या लागतात. पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या खोलीत विक्रीच्या रकमेतला वाटा मालकाला द्यावा लागतो. डॉक्टर, रुग्णालय, ओळखीचा वाणी आणि मंदिरापाशी रोज भेटणारी मंडळी यांची किंमत हिशेबात धरता येत नाही, पण सत्तरीत ती जाणवते. म्हणून साठीच्या आसपास, शरीर धडधाकट असताना जावे किंवा मग जाऊच नये, असे मला वाटते.

पुनर्विकासाच्या भरवशावर निवृत्ती उभी करणे हे निराळे प्रकरण आहे आणि त्याबाबत मी सावध राहायला सांगतो. करारावर सही झाली म्हणजे घर हातात आले असे नव्हे. गोरेगावच्या पत्रा चाळीतील ६७२ कुटुंबांना पंधरा वर्षांहून अधिक काळ आपल्या घराबाहेर राहावे लागले आणि मधल्या काळात त्यांचे भाडेही थांबले. चावी हाती येत नाही, तोवर नव्या फ्लॅटची रक्कम कोणत्याही बेतात धरू नये. नव्या इमारतीचा मेंटेनन्स जुन्या चाळीच्या कित्येक पट असतो, हेही विसरू नये.

हमी परताव्याची विमा पॉलिसी 'भरलेल्या रकमेच्या दुप्पट' देते. ती सुरक्षित नाही का?

सुरक्षित आहे, पण कमी परताव्याची आहे. समजा, बारा वर्षे दरवर्षी एक लाख भरले आणि विसाव्या वर्षी २४ लाख मिळाले. दुप्पट झाले हे खरे, पण वर्षाचा दर काढला तर तो पाच टक्क्यांहूनही थोडा कमी येतो. ही रक्कम पीपीएफमध्ये गेली असती, तर आजच्या दराने बरीच अधिक झाली असती. मध्येच हप्ते थांबवले, तर नुकसान आणखी वाढते. घरात कमावणारा माणूस एकच असेल, तर त्याच्यासाठी मुदतीचा शुद्ध विमा (टर्म इन्शुरन्स) घ्यावा आणि बचत वेगळी ठेवावी. घेतलेली पॉलिसी बंद करावी की नाही, हे मात्र सरेंडर मूल्य, म्हणजे ती आज बंद केल्यास मिळणारी रक्कम, आणि उरलेले हप्ते पाहूनच ठरवावे. बरीच वर्षे भरून झाली असतील, तर ती पूर्ण करणेच बहुधा हिताचे असते.

सहकारी बँकेत आणि पतपेढीत एक-दीड टक्का जास्त व्याज मिळते. तेथे सर्व ठेवी न्याव्यात का?

या दोन संस्थांमधला फरक अनेक जुन्या ठेवीदारांनाही माहीत नसतो. सहकारी बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे : एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत. पूर्वी एक लाख असलेली ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये वाढवण्यात आली. पतपेढीतील, म्हणजे सहकारी पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण लागू नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला एकूण एक हजार रुपयेच काढता येत होते. २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून सुटल्या, पण त्यापुढची रक्कम टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरले आणि मोठ्या ठेवीदारांसाठी ती मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. वयाच्या सत्तरीत दहा वर्षे थांबणे म्हणजे काय, हे त्या रांगेत उभे राहिलेल्यांना विचारावे. वाढीव दीड टक्क्यासाठी एवढी किंमत मोजण्याची तयारी नसेल, तर एका बँकेत पाच लाखांपेक्षा जास्त ठेवू नये.

'चार टक्क्यांचा नियम' वापरून निवृत्तीचा आकडा काढता येतो का?

अंदाजासाठी येतो. हा नियम १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने तेथील शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावरून मांडला. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या चार टक्के काढावे, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवत न्यावी आणि पैसे तीस वर्षे पुरावेत, अशी त्याची मांडणी आहे. आपल्याकडे महागाई जास्त आहे आणि आपला बाजाराचा इतिहास लहान आहे, म्हणून मी तीन ते साडेतीन टक्के धरतो. वर्षाला सहा लाख हवे असतील, तर चार टक्क्यांनी दीड कोटी आणि साडेतीन टक्क्यांनी सुमारे १ कोटी ७० लाख लागतात. पेन्शन किंवा भाडे येत असेल, तर ते आधी वजा करावे. आकडा लगेच आवाक्यात येऊ लागतो.

आणि सोने?

थोडे असू द्यावे. दागिन्यांत घडणावळ जाते आणि विकताना घट धरली जाते, म्हणून दागिने ही गुंतवणूक मानू नये. सराफाकडच्या मासिक हप्त्याच्या योजनेत पैसे भरताना तुम्ही त्या सराफाला विनातारण कर्ज देत असता, एवढे ध्यानात ठेवावे.

सल्ला कोणाकडून घ्यावा?

ज्याला तुमच्याकडून फी मिळते आणि उत्पादन विकणाऱ्या कंपनीकडून काहीच मिळत नाही, अशाकडून. सेबीकडे नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागारांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर आहे. नाव आणि नोंदणी क्रमांक दोन्ही जुळतात का, ते पाहावे. म्युच्युअल फंड वितरक कमिशनवर काम करतो. तो प्रामाणिक असू शकतो, पण त्याची भूमिका वेगळी असते. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडात कमिशन नसलेली डायरेक्ट योजना उपलब्ध आहे. वर्षाला एक टक्का खर्च वाचला आणि ११ ऐवजी १२ टक्के पदरी पडले, तर आधीच्या उदाहरणातील दरमहा १०,००० रुपयांच्या एसआयपीत २५ वर्षांनी सुमारे ३१ लाखांचा फरक पडतो. लोक ज्या जादा परताव्याच्या शोधात फिरतात, त्यातला एक टक्का या एका निर्णयात मिळू शकतो, आणि त्यासाठी कोणतीही अधिक जोखीम घ्यावी लागत नाही.

पैसे आधीच अडकले आहेत. आता काय करावे?

ऑनलाइन फसवणूक असेल, तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता असते. ठेव योजना असेल, तर पावत्या, बँकेचे विवरण, संदेश आणि सभांची निमंत्रणे जपून ठेवून स्थानिक पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. मोठी प्रकरणे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त करून तिच्या विक्रीतून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. हे काम संथ चालते आणि पूर्ण रक्कम क्वचितच परत मिळते. नोंदणीकृत ब्रोकर किंवा फंडाविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स यंत्रणेवर करता येते. 'मुदत आणखी सहा महिने वाढवा, दर वाढवून देतो' अशा कागदावर सही करू नये.

घरात सांगायला लाज वाटते म्हणून अनेक जण तक्रारीला उशीर करतात आणि त्या उशिराने शोध आणखी कठीण होतो, तेव्हा पतीला, पत्नीला किंवा मुलांना त्याच दिवशी सांगावे. पुढे काही महिन्यांनी 'तुमचे बुडालेले पैसे सोडवून देतो' असे सांगणारा फोन येण्याची शक्यता धरून चालावे, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. पैसे परत देण्याआधी शुल्क मागणारा माणूस पोलीस, न्यायालय, सेबी किंवा रिझर्व्ह बँक यांपैकी कोणाचाही नसतो. तो फोन आल्यास क्रमांक टिपून तपास अधिकाऱ्याला द्यावा.